एका लिनक्सवरून अख्खी लॅब: क्लोनिंगचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कोल्हापूर शहरात काय किंवा करवीर, पन्हाळा, गडहिंग्लजकडच्या शाळांत काय, लिनक्सची लॅब क्लोन करून उभी केली की पंधरा-वीस दिवसांनी त्याच तक्रारी सुरू होतात. दोन मशीनना एकच आयपी मिळतो. सगळ्या मशीनचं नाव एकच दिसतं. काही मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून काळी स्क्रीन दाखवतात. कुणाचं तरी जीमेल सगळ्या मशीनवर उघडं असतं.

यात क्लोनझिलाचा (अख्ख्या डिस्कची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोष जवळपास कधीच नसतो. तो जे आहे ते हुबेहूब उतरवतो, म्हणजे मास्टर मशीनची (जिच्यावरून बाकीच्या करायच्या तिची) ओळख आणि त्यावरचा कचराही उतरवतो. म्हणून या लेखात कॉपी करण्यावर थोडं आणि तयारीवर जास्त लिहिलं आहे. उदाहरणासाठी वीस मशीनची लॅब आणि उबुंटू, मिंट किंवा डेबियन घराण्यातलं लिनक्स धरलं आहे.

वेळेबद्दल एकच सांगतो. हे काम मेच्या सुट्टीत करा, पण सकाळी. आपल्याकडे वळीव दुपारनंतर येतो आणि येताना वीज घेऊन जातो. जूनच्या मध्याला शाळा उघडते. त्याआधीच्या शेवटच्या दोन दिवसांवर हे काम ढकललं तर तपासणीला वेळच उरत नाही.

१. आधी मशीनची यादी करा

पेनड्राइव्हला हात लावण्याआधी वही किंवा स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक मशीनसाठी पाच गोष्टी लिहा: मदरबोर्डचं मॉडेल, डिस्कचा प्रकार आणि नेमका आकार, बूट पद्धत, वायर्ड नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा वेगळा क्रमांक) आणि रॅम. मशीनवर चालू अनुक्रमांकाचं स्टिकर लावा आणि तोच आकडा यादीत ठेवा.

डिस्कचा आकार बॉक्सवरून लिहू नका. ‘१२०’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या एसएसडी बाइटच्या हिशोबात सारख्या असतीलच असं नाही. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीत मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज (डिस्कची साठवलेली प्रत) उतरवायला नकार देतो, मग फरक काही एमबींचा का असेना. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून एलएसबीएलके कमांडने आकार बाइटमध्ये पाहा.

बूट पद्धत यूईएफआय आहे की जुनी लेगसी, हे ओळखणं सोपं आहे. चालू लिनक्समध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसलं तर यूईएफआय, नाही दिसलं तर लेगसी. देणगीतून आलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. एकाच इमेजमधून दोन्ही बूट करता येतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. बायोसमधून (मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमधून) जितक्या मशीन यूईएफआयवर आणता येतील तितक्या आणा. ज्या येणारच नाहीत त्यांची वेगळी इमेज करा. दोन इमेज सांभाळणं एका बिघडलेल्या इमेजपेक्षा सोपं असतं.

*तपासा:* यादीत कुठेही रिकामा रकाना आहे का? मॅक पत्त्याचा रकाना रिकामा राहिला तर चौथ्या टप्प्यात अडाल.

२. मास्टर मशीन निवडा आणि उभी करा

मास्टर म्हणून लॅबमधली सर्वांत भारी मशीन निवडण्याचा मोह होतो. तसं करू नका. सर्वांत लहान डिस्क असलेली मशीन निवडा. लहानावरून मोठ्यावर जाता येतं, उलटं जाताना नाकीनऊ येतात.

पार्टिशन साधी ठेवा: यूईएफआय असेल तर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन आणि उरलेल्या जागेत एकच एक्स्ट-४. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन नको, स्वॅप फाइल पुरते. रूट पार्टिशन डिस्कवर शेवटचं असू द्या, म्हणजे मोठ्या डिस्कवर ते नंतर वाढवता येईल. एलव्हीएम टाळा. डिस्क एन्क्रिप्शन तर मास्टरवर नकोच, कारण क्लोन केल्यावर सगळ्या मशीनची मूळ किल्ली एकच होते आणि एन्क्रिप्शनचा अर्थच उरत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर सगळे अपडेट घ्या आणि मगच सॉफ्टवेअर टाका: लिबरऑफिस, जीकॉम्प्री, जिओजेब्रा, जे काही शिकवलं जाणार आहे ते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ठेवायच्या असतील तर सगळ्यांना वाचता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, एखाद्या यूजरच्या होममध्ये नको.

खाती दोनच करा: एक शिक्षकाचं, प्रशासकीय अधिकारांचं, दुसरं विद्यार्थ्यांचं, अधिकार नसलेलं. मराठी टायपिंगची सेटिंग विद्यार्थ्याच्या खात्यात लॉगिन करूनच करा. कीबोर्डची निवड प्रत्येक यूजरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये साठते. शिक्षकाच्या खात्यात मराठी इनस्क्रिप्ट चालतो म्हणून मुलांच्या खात्यातही चालेल, हा समज लॅबच्या पहिल्याच तासाला उघडा पडतो. पुढे नवी खाती काढणार असाल तर तयार सेटिंगच्या फाइल /ईटीसी/स्केल मध्ये ठेवा, नवीन खातं तिथूनच भरलं जातं.

शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठल्या फॉन्टमध्ये आहेत, हेही आताच विचारून घ्या. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. हा प्रश्न वीस मशीन झाल्यावर समोर आला तर वीस ठिकाणी धावावं लागतं.

ड्रायव्हरबाबत हात आखडता घ्या. मास्टरमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असलं तरी त्याचा खास ड्रायव्हर टाकू नका, बाकीच्या मशीनमध्ये ते कार्ड नसेल. डेबियनवर आणखी एक गोष्ट पाहा. इन्स्टॉल करताना इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरचा संच) ‘फक्त या मशीनपुरतं’ असं निवडलं असेल तर वेगळ्या डिस्क कंट्रोलरच्या मशीनवर तो क्लोन बूट होणार नाही. इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्सच्या पुढे ‘मोस्ट’ असायला हवं. बदल केला तर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करायला विसरू नका.

*सावधान:* मास्टरवर शाळेचं वायफाय जोडू नका, ब्राउझरमध्ये कुणाचंही खातं उघडू नका, स्थिर आयपी देऊ नका. जे जोडाल ते वीस ठिकाणी जाईल.

आता घाई न करता चार-पाच दिवस ही मशीन एखाद्या शिक्षकाला वापरायला द्या. प्रिंट काढू देत, प्रोजेक्टर लावू देत, मराठीत पत्र टाइप करू देत. एका मशीनवर सापडलेली चूक पाच मिनिटांत सुटते.

३. सील करण्याआधी एक कच्ची इमेज घ्या

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या वर्षी पस्तावतात. मास्टरची ओळख पुसण्याआधी, म्हणजे सील करण्याआधी, तिची आहे तशी एक इमेज काढून ठेवा (कृती पाचव्या टप्प्यात आहे) आणि नावात ‘कच्ची’ असा शब्द घाला. पुढे एखादं सॉफ्टवेअर वाढवायचं झालं की ही इमेज मास्टरवर उतरवायची, बदल करायचे, पुन्हा सील करायचं. सील केलेली इमेज पुन्हा उघडून तिच्यात डागडुजी करत बसू नका.

४. मास्टरची ओळख पुसा

सगळ्या लेखातला महत्त्वाचा टप्पा हाच. लिनक्स इन्स्टॉल होताना मशीनला काही खुणा मिळतात, ज्या जगात एकमेव असायला हव्यात. क्लोनमध्ये त्या तशाच जातात. पुढचा क्रम पाळा.

मशीन-आयडी. /ईटीसी/मशीन-आयडी ही फाइल रिकामी करा, डिलीट करू नका. ट्रंकेट कमांडने आकार शून्य केला की काम झालं. फाइल रिकामी दिसली की सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) पुढच्या बूटला नवा आयडी तयार करतो. डीबसच्या फोल्डरमधली त्याच नावाची फाइल ही या फाइलकडे जाणारी लिंक असायला हवी. ती स्वतंत्र फाइल असेल तर जुना आयडी तिथून परत येऊ शकतो. काही रचनांमध्ये, विशेषतः उबुंटू सर्व्हरवर, डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागताना याच आयडीवरून ओळख दिली जाते. मॅक पत्ते वेगळे असूनही दोन मशीनना एकच आयपी मिळण्याचं कोडं इथे सुटतं.

एसएसएच होस्ट की. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने कमांड चालवू देणारी सेवा) टाकला असेल तर /ईटीसी/एसएसएच मधल्या होस्ट कीच्या सगळ्या फाइल काढा. पण डेबियन आणि उबुंटूवर या किल्ल्या पुढच्या बूटला आपोआप तयार होतीलच, असं गृहीत धरू नका. त्या नसतील तर एसएसएच सर्व्हर सुरूच होत नाही. त्याची सोय खालच्या स्क्रिप्टमध्ये करायची.

नेटवर्क. नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये चाचणीच्या काळात जोडलेल्या वायफायचे पासवर्ड साठलेले असतात. ते प्रोफाइल काढा. वायर्ड प्रोफाइलमध्ये मास्टरचा मॅक पत्ता नोंदलेला असेल तर तोही काढा, नाहीतर बाकीच्या मशीनवर ते प्रोफाइल लागणारच नाही.

वापराच्या खुणा. दोन्ही खात्यांतला ब्राउझरचा इतिहास आणि साठवलेले पासवर्ड, टर्मिनलचा इतिहास, कचरापेटी, डाउनलोड फोल्डर, जुने लॉग आणि एपीटीची कॅश साफ करा. ब्राउझरची अख्खी प्रोफाइल उडवली तर तुम्ही नीट लावलेलं होमपेजही जाईल, म्हणून इथे हात जपून चालवा.

पहिल्या बूटची स्क्रिप्ट. एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि सिस्टमडीची एकदाच चालणारी सेवा म्हणून लावा. तिने एक खुणेची फाइल असेल तरच चालावं आणि तिची कामं अशी: एसएसएच-कीजेनला कॅपिटल ‘ए’चा पर्याय देऊन नव्या किल्ल्या करणं, मशीनला नाव देणं, रूट पार्टिशन ग्रोपार्टने आणि त्यातली फाइल सिस्टम रिसाइझ-टू-एफएसने वाढवणं आणि शेवटी खुणेची फाइल काढणं. सेवा एसएसएच सुरू होण्याआधी चालेल असा क्रम द्या. ग्रोपार्ट वेगळ्या पॅकेजमध्ये येतो, तो मास्टरवर आधीच टाकलेला हवा.

नावासाठी पहिल्या टप्प्यातली यादी कामाला येते. दोन रकान्यांची साधी मजकूर फाइल करा, एकीकडे मॅक पत्ता, दुसरीकडे नाव, आणि ती मास्टरवर ठेवा. स्क्रिप्ट स्वतःचा मॅक पत्ता वाचेल आणि यादीतून नाव उचलेल. नाव /ईटीसी/होस्टनेम आणि /ईटीसी/होस्ट्स या दोन्ही ठिकाणी बदलायला हवं. दुसरं ठिकाण राहिलं की सुडो वापरताना ‘होस्टचं नाव सापडत नाही’ असा संदेश येत राहतो. एक बारीक चूक इथे वारंवार होते. मशीनवरच्या स्टिकरवर मॅक पत्ता कॅपिटल अक्षरांत असतो, लिनक्स तो स्मॉल अक्षरांत दाखवतं. यादी आणि स्क्रिप्ट दोन्हीकडे स्मॉल अक्षरंच ठेवा, नाहीतर एकही नाव जुळणार नाही.

*सावधान:* मशीन-आयडी रिकामा करणं आणि खुणेची फाइल तयार करणं ही अगदी शेवटची कामं. त्यानंतर मशीन बंद करा, रीस्टार्ट नको. एकदा जरी ती स्वतःच्या डिस्कवरून चालू झाली तरी नवा आयडी लिहिला जातो, स्क्रिप्ट चालून जाते आणि सील तुटतं. मग हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

५. इमेज घ्या

क्लोनझिला लाइव्हचा पेनड्राइव्ह आणि इमेज ठेवायला वेगळी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. चालू मास्टर तिच्याच डिस्कची इमेज नीट घेऊ शकत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरूनच बूट करा. बूट मेनूची किल्ली कंपनीनुसार एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप असते. बंद मशीन चालू करताना ती वेळेवर दाबली गेली नाही तर मास्टर स्वतःच्या डिस्कवरून उठेल. म्हणून सील करण्याआधीच बायोसमध्ये पेनड्राइव्ह पहिला लावून ठेवा.

मेनूत ‘डिव्हाइस-इमेज’, मग ‘लोकल-डेव्ह’, बाहेरची डिस्क, ‘बिगिनर’ आणि ‘सेव्हडिस्क’ असं जा. डिस्क निवडताना एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, ती बूटप्रमाणे बदलू शकतात. मॉडेल आणि आकार वाचून निवडा. इमेजच्या नावात तारीख, बूट पद्धत आणि ‘सील’ हा शब्द असू द्या. घेतल्यावर इमेज तपासायची का, असं तो विचारतो, होय म्हणा. शेवटी काय करायचं याला ‘पॉवरऑफ’ निवडा.

क्लोनझिला ओळखीच्या फाइल सिस्टममधला फक्त वापरलेला भाग उचलतो, त्यामुळे रिकामी जागा शून्यांनी भरण्याची गरज नाही. मास्टरवर विंडोजही असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन केलेलं हवं, नाहीतर एनटीएफएस पार्टिशनवर काम अडतं.

इमेजची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. लॅब तळमजल्यावर आणि नदीच्या बाजूला असेल तर ती प्रत शाळेबाहेर असू द्या. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे आपण पाहिलं आहे.

६. आधी एकच मशीन

वीस मशीन चालू करण्याआधी मास्टर सोडून दुसऱ्या एका मशीनवर, शक्यतो सर्वांत वेगळ्या हार्डवेअरच्या, बाहेरच्या डिस्कवरून ‘रिस्टोअरडिस्क’ करा. पुष्टीसाठी तो एकाहून जास्त वेळा विचारतो. सवयीने ‘वाय’ दाबू नका, कुठली डिस्क पुसली जाणार आहे ते प्रत्येक वेळी वाचा.

*तपासा:* मशीन बूट होते का, नाव यादीप्रमाणे आहे का, मशीन-आयडीची फाइल भरली आहे का, पार्टिशन पूर्ण डिस्कभर वाढलं का, आवाज आणि मराठी टायपिंग चालतं का. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर कच्च्या इमेजकडे परत जा. सुधारणा क्लोनवर नाही, मास्टरवर करायची.

यूईएफआय मशीनवर एक अडचण नेहमी येते. बूटची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डच्या मेमरीत असते आणि ती क्लोनबरोबर येत नाही. क्लोनझिला नवी नोंद करायचा प्रयत्न करतो, पण काही मदरबोर्ड ती मानत नाहीत. उपाय मास्टरवरच करून ठेवा: ग्रब-इन्स्टॉल (बूटलोडर बसवणारी कमांड) ‘रिमूव्हेबल’ पर्यायासह एकदा चालवा. त्यामुळे बूटलोडरची प्रत ईएफआय पार्टिशनमधल्या ठरावीक फोल्डरमध्ये जाते आणि नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे शोधतं.

७. लॅबभर वाटप

चार-पाच मशीन असतील तर बाहेरची डिस्क फिरवत एकेक करा, त्यात काही कमीपणा नाही. त्याहून जास्त असतील तर क्लोनझिलाचा ‘लाइट सर्व्हर’ आणि मल्टिकास्ट वापरा.

हिशोब करून पाहा. १०० एमबीपीएसच्या स्विचवर सेकंदाला साधारण ११-१२ एमबी जातात. १२ जीबीची इमेज एका मशीनला स्वतंत्र पाठवायला सतराएक मिनिटं, वीस मशीनना जवळपास सहा तास. मल्टिकास्टमध्ये एकच प्रवाह सगळे ऐकतात, त्यामुळे वीस मशीनही त्या सतरा-वीस मिनिटांतच होतात. गिगाबिट स्विच असेल तर मग डिस्कच्या लिहिण्याचा वेगच आडवा येतो.

मात्र मल्टिकास्टचा वेग सर्वांत मंद मशीनवर ठरतो. एका केबलच्या आठपैकी काही तारा तुटल्या असतील तर ती मशीन गिगाबिटवरून १०० वर उतरते आणि बाकी एकोणीस तिच्यासाठी थांबतात. सुरू करण्याआधी स्विचवरचे दिवे पाहा, मंद दाखवणाऱ्या पोर्टची केबल बदला. वायफायवर हे काम करूच नका.

सर्वांत मोठा धोका: लॅबच्या स्विचमधून शाळेच्या राउटरकडे आणि ऑफिसकडे जाणारी केबल काढून ठेवा. सर्व्हर नेटवर्क बूटने (डिस्कऐवजी नेटवर्कवरून चालू होऊन) येणाऱ्या मशीनवर इमेज उतरवायला सज्ज असतो. ऑफिसातला क्लार्कचा पीसी नेटवर्क बूटवर असेल आणि कुणी तो त्याच वेळी चालू केला, तर शालार्थच्या (पगाराच्या) आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या साठवलेल्या फाइल क्षणात पुसल्या जातील. केबल काढल्यामुळे राउटरचा डीएचसीपी आणि क्लोनझिलाचा डीएचसीपी यांची टक्करही टळते.

मग क्रम असा: सर्व्हर म्हणून वायर्ड पोर्ट असलेला लॅपटॉप, त्याला इमेजची डिस्क. ‘लाइट सर्व्हर’ निवडा, नेटवर्क बूट, इमेजमधून, ‘रिस्टोअरडिस्क’, मल्टिकास्ट. किती मशीनची वाट पाहायची आणि जास्तीत जास्त किती वेळ, दोन्ही द्या. एखादी मशीन आलीच नाही तर बाकीच्या अडकत नाहीत. मशीन बायोसच्या बूट मेनूतून नेटवर्कवर एकेक चालू करा.

वीस एकदम करण्यापेक्षा सात-आठच्या तुकड्या करा. मध्येच वीज गेली तर इमेजला काही होत नाही, पण अर्धवट लिहिलेल्या मशीन पहिल्यापासून कराव्या लागतात. सर्व्हर आणि स्विच तरी यूपीएसवर हवेतच.

८. प्रत्येक मशीनची तपासणी

केबल परत जोडण्याआधी प्रत्येक मशीनचा बूट क्रम डिस्कवर आणा आणि नेटवर्क बूट बंद करा.

जुन्या मशीनची तारीख पाहा. बायोसचा सेल संपलेला असेल तर घड्याळ अनेक वर्षं मागे जातं, मग ब्राउझर सुरक्षित साइट उघडत नाही आणि अपडेट नाकारले जातात. लोक याला क्लोनची चूक समजतात. सीआर २०३२ सेल राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, यादी बघून एकदम आणा.

मग सगळ्या मशीनचं नाव, आयपी, मशीन-आयडी आणि एसएसएच कीचा ठसा एका फाइलमध्ये गोळा करा आणि क्रमाने लावा. सारख्या ओळी शेजारी येतात आणि लगेच दिसतात. मॅक पत्ता यादीत चुकलेली मशीन मास्टरचंच नाव लावून बसलेली असेल, तीही इथेच सापडते.

क्लोन केलेल्या दोन डिस्क एकाच मशीनला जोडू नका. दोन्हींचे यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) सारखे असतात. कुठल्या डिस्कवरून बूट झालं आणि कुठली माउंट झाली याचा भरवसा राहत नाही, आणि दुरुस्तीच्या नादात चांगली डिस्क पुसली जाते.

९. नंतरचे बदल

एक फॉन्ट वाढवायचा म्हणून अख्खी लॅब पुन्हा क्लोन करू नका. एसएसएच चालू असेल तर शिक्षकाच्या मशीनवरून अन्सिबलने (अनेक मशीनवर एकच बदल करणाऱ्या साधनाने) किंवा साध्या लूपने तो बदल सगळीकडे पाठवा आणि तोच बदल कच्च्या इमेजच्या फोल्डरमधल्या नोंदवहीत लिहा. पुढच्या मेमध्ये कच्ची इमेज मास्टरवर उतरवा, नोंदवहीतले बदल एकेक करून घाला, अपडेट घ्या, नवी कच्ची इमेज काढा आणि चौथ्या टप्प्यापासून पुढे चला. मधल्या काळात एखादा मदरबोर्ड बदलला असेल तर त्याचा नवा मॅक पत्ता यादीत सील करण्याआधीच टाका.